शेतावरचा मायक्रोबिटेक्स: पडदा कोणता आणि संगणक कुठे

प्रकरण एका सेटचं आहे. मायक्रोबिटेक्स या घरी जोडता येणाऱ्या छोट्या हॅम (हौशी) रेडिओ सेटची पाचवी आवृत्ती, १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बंद लेड-ॲसिड बॅटरी, कडुनिंब आणि बांबू यांच्यात ताणलेला सुमारे २० मीटर लांब तारेचा डायपोल, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या बँडची अँटेना, आणि हे सगळं औसा तालुक्यातल्या एका शेतावर, पत्र्याच्या खोलीत. मालक निवृत्त विज्ञानशिक्षक. मी त्यांच्याकडे शिकलो आहे, म्हणून इथेही त्यांना सरच म्हणतो.

दोन मागण्या होत्या. पहिली सरांची स्वतःची. "अरे, दुपारी बाहेर बाजेवर सेट घेऊन बसलं की आकडाच दिसंना बघ. चष्मा लावला तरी दिसंना, काढला तरी दिसंना." दुसरी मागणी त्यांच्या नातीची. ती संगणक अभियांत्रिकीला आहे, हॅमची परीक्षा देऊन तिनं स्वतःचा परवाना काढला आहे, आणि तिला याच सेटवर एफटी८, म्हणजे संगणकामार्फत छोटे निरोप पाठवायची डिजिटल पद्धत, चालवायची होती. म्हणजे एकाला पडदा हवा होता आणि दुसरीला संगणक. बहुतेक ठिकाणी या दोन्हींवर एकच उपाय सुचवला जातो: मोठा रंगीत टचस्क्रीन लावा, नाहीतर एक छोटा संगणकच सेटच्या पेटीत बसवा. आम्ही दोन्ही केलं नाही. त्यामागची कारणं सविस्तर लिहिण्यासारखी आहेत, कारण हा सेट ज्यांच्याकडे आहे त्यांच्यापुढे कधी ना कधी हाच प्रश्न येतो.

सरांची एक अट होती आणि पुढचे सगळे निर्णय त्या अटीवर झाले. किल्लारी याच तालुक्यात येतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला, तेव्हा आदल्या दिवशीचं गणेश विसर्जन उरकून माणसं झोपली होती. त्यानंतरच्या दिवसांत बाहेरून आलेल्या हौशी रेडिओवाल्यांनी सेट लावले आणि निरोपांची ने-आण सुरू केली. सरांनी एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झचा, लांब पल्ल्याचा) सेट पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा. त्यामुळे त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं: "तू त्याला काहीबी जोड. पण जोडलेलं सगळं उपटून टाकलं तरी माझा सेट बोलला पाहिजे, ऐकला पाहिजे." या अटीत मी माझी एक भर घातली: जे जोडू त्यामुळे रिसीव्हरमध्ये खरखर वाढता कामा नये. पाच-दहा वॅटच्या सेटचं सगळं बळ त्याच्या कानात असतं. आपली ताकद कमी असल्यामुळे समोरच्यानं आपल्याला ऐकणं त्याच्या स्टेशनवर अवलंबून राहतं. त्याला ऐकणं मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतं, आणि तेच आपण पडद्यापायी गमावलं तर नुकसान मोठं आहे.

सेटच्या पोटात

बिटेक्स ही रचना हैदराबादचे अशर फरहान, कॉल साइन (हॅमची परवान्यावरची ओळख) व्हीयू२ईएसई, यांची. सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून कुणालाही एसएसबी, म्हणजे आवाजावर बोलण्याचा, सेट बांधता यावा, हा तिचा मूळ हेतू. मायक्रोबिटेक्स डिसेंबर २०१७ मध्ये आला. ३ ते ३० मेगाहर्ट्झ, एसएसबी आणि मोर्स दोन्ही, खालच्या बँडवर सुमारे १० वॅट आणि वर जाऊ तशी कमी होत जाणारी ताकद. मोर्सवर ५ वॅट आणि एसएसबीवर १० वॅट ही कमी ताकदीच्या कामाची, म्हणजे क्यूआरपीची, रूढ मर्यादा आहे. त्यात हा सेट नेमका बसतो.

मुख्य बोर्डावर राडुइनो नावाचं एक छोटं बोर्ड उभं असतं. त्यावर अर्डुइनो नॅनो (सेटचा प्रोग्रॅम चालवणारं छोटं बोर्ड), फ्रिक्वेन्सी तयार करणारी एसआय५३५१ ही चिप आणि समोर १६×२ चा अक्षरी एलसीडी. नॅनोमधल्या एटीमेगा३२८पी या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट जागा आहे आणि कामाची मेमरी फक्त २ किलोबाइट. नॉब फिरला की वाचायचा, एसआय५३५१ ला नवी फ्रिक्वेन्सी सांगायची, पडद्यावर लिहायचं, मोर्स की सांभाळायची आणि संगणकाकडून आलेला हुकूम ऐकायचा, ही सगळी कामं ती एकटी करते. त्यामुळे नवं काही जोडताना पहिला प्रश्न असा की त्याचं ओझं या चिपवर किती पडणार. दुसरा, ते वीज किती खाणार. आणि तिसरा, ज्याचं उत्तर कुठल्याच जाहिरातीत सापडत नाही: ते ७ मेगाहर्ट्झवर किती कलकलाट करणार.

पडदा

ओएलईडी (स्वतः उजळणाऱ्या ठिपक्यांचा छोटा पडदा) आधी बाजूला पडला. ०.९६ इंचाची ती काच दिसायला फार सुंदर असते, काळ्यावर पांढरी अक्षरं उठून दिसतात. पण १२८×६४ ठिपक्यांचं चित्र मेमरीत धरायला १०२४ बाइट लागतात, म्हणजे नॅनोची निम्मी मेमरी तिथेच गेली. चित्र न धरता नुसती अक्षरं लिहिणाऱ्या लायब्ररी आहेत, त्यानं हा प्रश्न सुटतो. तरी दुसरा उरतो. ही काच आणि एसआय५३५१ दोघी आय-स्क्वेअर-सी या, चिपांना हुकूम नेणाऱ्या, एकाच सामायिक वायरवर बसतात. १०० किलोहर्ट्झच्या वेगानं पूर्ण पडदा भरायला सेकंदाचा जवळजवळ दहावा भाग लागतो आणि तेवढा वेळ फ्रिक्वेन्सी बदलण्याचा हुकूम थांबून राहतो. नॉब फिरवताना हाताला ते अडखळणं जाणवतं. शिवाय या काचेत व्होल्टेज वाढवणारा स्विचिंग पंप असतो आणि तो गप्प बसत नाही. सरांसाठी मात्र यातलं काहीच महत्त्वाचं नव्हतं. त्यांनी काच हातात घेतली आणि परत दिली. एक इंचाच्या काचेवरचा आकडा सत्तरीच्या डोळ्यांना कसा दिसणार?

मग रंगीत टीएफटी पडदा. मायक्रोबिटेक्सच्या सहाव्या आवृत्तीत २.८ इंचाचा टचस्क्रीन मुळातच आहे, त्यामुळे तो या सेटला परका नाही. ३२०×२४० ठिपके, प्रत्येकाला २ बाइट, म्हणजे पूर्ण पडद्याला १,५३,६०० बाइट. जुन्या एलसीडीवर सगळी मिळून ३२ अक्षरं. प्रोग्रॅम शहाणा असेल तर पूर्ण पडदा पुन्हा रंगवत नाही, बदललेला आकडाच रंगवतो, आणि सहाव्या आवृत्तीचा प्रोग्रॅम तसाच लिहिलेला आहे. खोलीत हा पडदा उत्तम दिसतो. शेतावर, मार्चच्या दुपारी दोन वाजता, त्याच्यावर आपलाच चेहरा दिसतो. मागून उजेड देणाऱ्या काचेला मराठवाड्याच्या उन्हाशी स्पर्धा करावी लागते आणि तिथे ती हरते.

नात नेक्स्टिऑन या तयार टचस्क्रीनच्या बाजूची होती, आणि तिचा मुद्दा वजनदार होता. नेक्स्टिऑनच्या पडद्याला स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची मेमरी असते. पडद्याची रचना विंडोजवरच्या त्यांच्या एडिटरमध्ये करून एकदाच पडद्यात भरायची, आणि मग नॅनोनं फक्त "या चौकटीत हा आकडा लिही" असे छोटे हुकूम सिरिअल वायरवरून पाठवायचे. प्रत्येक हुकमाच्या शेवटी एफएफ हा बाइट तीनदा, झालं काम. रंगवण्याचं ओझं नॅनोवर पडत नाही. केडी८सीईसी या कॉल साइनच्या हॅमनं लिहिलेल्या पर्यायी प्रोग्रॅममध्ये या पडद्याची सोय तयारच आहे. "काका, तुम्ही मेमरीचं म्हणताय ना, मग ह्यात तो प्रश्नच येत नाही," असं ती म्हणाली आणि ते बरोबर होतं.

म्हणून वाद न घालता तपासायचं ठरवलं. एका मित्राकडून नेक्स्टिऑन उसना आणला.

खरखर कशी तपासली

पद्धत साधी आहे आणि कुणालाही करता येते. अँटेना काढायची, तिच्या जागी ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी ताकद जिरवणारा रेझिस्टर) लावायचा. आता रिसीव्हरमध्ये जो आवाज येईल तो सेटचा स्वतःचाच. ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झपर्यंत सावकाश फिरायचं आणि जिथे शिट्टी किंवा भुणभुण ऐकू येईल तिथली फ्रिक्वेन्सी वहीत लिहायची. मग एक, फक्त एकच, नवी वस्तू जोडायची आणि तेच पुन्हा करायचं. कानावर भरवसा नसेल तर हेडफोनच्या जागी संगणकाचं साउंड कार्ड लावून डब्ल्यूएसजेटी-एक्स या एफटी८ च्या प्रोग्रॅममधला पातळी दाखवणारा काटा पाहायचा, वॉटरफॉलवर (आवाजाच्या सरकत्या चित्रावर) उभ्या रेघा उमटतात का ते पाहायचं. शेवटी अँटेना लावून पुन्हा. दोन्ही करणं गरजेचं आहे, कारण काही आवाज सेटच्या आतल्या वायरींतून शिरतात आणि काही पडद्यातून हवेत सुटून अँटेनावाटे परत येतात.

वेळ निवडणंही महत्त्वाचं. दिवसा आजूबाजूच्या शेतांतले सौर पंप चालू असतात. त्यांचे कंट्रोलर मोटरला जी चिरफाळलेली वीज देतात तिचे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले आवाज) थेट एचएफपर्यंत पोचतात आणि लांबलचक केबल त्यांच्या अँटेना होतात. त्या गोंगाटात आपल्या पडद्याची भुणभुण लपून जाते आणि वाटतं की सगळं ठीक आहे. पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, बँड खरा कळतो. सर तसेही त्या वेळी उठलेले असतात.

नेक्स्टिऑन प्लास्टिकच्या पेटीत, राडुइनोच्या शेजारी ठेवल्यावर बँडमध्ये नव्या रेघा स्पष्ट दिसल्या. पेटीला आतून पत्रा लावला, पडद्याच्या चारही वायरी फेराइटच्या (खरखर अडवणाऱ्या) मण्यातून फिरवल्या, पुरवठ्यावर कपॅसिटर लावले, तेव्हा त्या बऱ्याच खाली गेल्या, पण पूर्ण गेल्या नाहीत. जुना एलसीडी मात्र एका विशिष्ट वेळीच बोलत होता: नॉब फिरताना. नॉब थांबला की तोही गप्प.

या निरीक्षणातच या प्रकरणाचं सार आहे असं मी मानतो. पडदा लहान की मोठा, रंगीत की साधा, यापेक्षा तो किती वेळा लिहिला जातो हे रिसीव्हरच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं. अक्षरी एलसीडी एकदा लिहिलं की ते स्वतःच धरून ठेवतो. नॅनोनं त्याला पुन्हा हात लावला नाही तर वायरींवर हालचाल शून्य. म्हणून प्रोग्रॅममध्ये "बदल झाला तरच लिही" एवढी एक अट असली की ऐकताना सेट शांत राहतो. उलट याच एलसीडीवर सेकंदाला अनेकदा हलणारा सिग्नल मीटर बसवला, आणि पुष्कळ लोक हौसेनं बसवतात, तर वायरींवर सतत वर्दळ सुरू होते आणि हेडफोनमध्ये बारीक टकटक येत राहते. सरांच्या सेटवर तो मीटर आम्ही मुद्दाम ठेवला नाही. सिग्नल किती आहे ते त्यांना कानानं कळतं, आणि समोरच्याला द्यायचा रिपोर्ट ते पिढ्यान्‌पिढ्या हॅम देत आले तसाच देतात.

मग उन्हात आकडा का दिसत नव्हता? याचं कारण काचेच्या जातीत होतं. सरांच्या सेटला निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचा एलसीडी होता. ही उलटी काच: तिच्यात अक्षरं मागच्या दिव्यानंच उजळतात. ऊन पडलं की दिव्याचा उजेड कुठेच लागत नाही. पिवळसर-हिरव्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं असलेली सुलटी काच बाहेरचा उजेड परतवून वापरते, त्यामुळे ऊन जितकं कडक तितकी ती स्वच्छ दिसते. दिवसा मागचा दिवा बंदच ठेवता येतो आणि तेवढी वीज वाचते. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि ट्यूबलाइटखाली निळीच देखणी दिसते. घेताना एकदा दाराबाहेर उन्हात धरून पाहावी.

आकाराचाही एक गैरसमज इथे सांगतो. मोठं हवं म्हणून माझ्या डोक्यात आधी २०×४ आला. पण सर्वसाधारण २०×४ मॉड्यूलमधलं अक्षर १६×२ पेक्षा बुटकं असतं, पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. १६×२ चं साडेपाच. काच मोठी, अक्षर लहान. दोन ओळींत मिळून एक आकडा रंगवायची युक्ती आहे, या कंट्रोलरमध्ये स्वतःची ८ चिन्हं घडवता येतात त्यांतून तो बनतो, आणि २०×४ वर ते छान बसतं. पण त्यासाठी प्रोग्रॅम बदलावा लागतो. त्याऐवजी १६×२ चाच मोठ्या अक्षरांचा प्रकार मिळतो: मॉड्यूल १२२×४४ मिलिमीटर, अक्षर सुमारे साडेनऊ मिलिमीटर उंच. कंट्रोलर तोच, हुकूम तेच, प्रोग्रॅममध्ये एक ओळही बदलायची नाही. हैदराबादेत कोटीच्या गुजराती गल्लीत किंवा पुण्यात बुधवार पेठेत शोधलं तर मिळतो. फक्त काही मॉड्यूलांत पिनांचा क्रम वेगळा असतो, म्हणून डेटाशीट समोर ठेवूनच वायरी जोडायच्या. पुरवठ्याच्या दोन पिना उलट झाल्या की मॉड्यूल गेलं.

सेटच्या पुढच्या पॅनेलला मोठी खिडकी कापली, नवी काच बसवली आणि कॉन्ट्रास्टचा पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) आतून काढून बाहेर आणला. हे शेवटचं मराठवाड्यासाठी आवश्यक आहे. तापमान वाढलं की या काचेची अक्षरं गडद होत जातात, इतकी की रिकाम्या चौकटीही काळ्या पडतात. साध्या काचेची मर्यादा ० ते ५० अंश सेल्सिअस असते. बाहेर ४२ असताना पत्र्याखाली ठेवलेल्या काळ्या पेटीत ५० सहज गाठले जातात. पॉट हाताशी असला की थोडा फिरवून आकडा परत स्वच्छ करता येतो.

सरांनी पहिल्यांदा उन्हात सेट लावला तेव्हा ते काही बोलले नाहीत. बाजेवर बसून सरळ ७.०५० वर गेले आणि ऐकायला लागले. मला ती पावती पुरली.

संगणक

मायक्रोबिटेक्सच्या मूळ प्रोग्रॅममध्येच संगणकाची भाषा आहे. याएसूच्या एफटी-८१७ या क्यूआरपी सेटची हुकूम देण्याची पद्धत त्यात घेतलेली आहे. प्रत्येक हुकूम ५ बाइटचा, चार बाइट माहितीचे आणि पाचवा कामाचा. सेट ७.०७४ मेगाहर्ट्झवर न्यायचा असेल तर ००, ७०, ७४, ००, ०१ असे पाच बाइट जातात: फ्रिक्वेन्सी १० हर्ट्झच्या एककात आणि शेवटचा ०१ म्हणजे "इथे जा". ०३ म्हणजे "कुठे आहेस ते सांग". ०८ नं ट्रान्समिट सुरू, ८८ नं बंद. संगणकावर डब्ल्यूएसजेटी-एक्स किंवा एफएलडिजीमध्ये सेटचं नाव एफटी-८१७ निवडायचं, वेग ३८४०० ठेवायचा, आणि संगणक सेट चालवू लागतो. वेगळी चिप, वेगळं बोर्ड, काही नको. नॅनोचा यूएसबी सॉकेट आहेच.

नातीनं तशी सरळ यूएसबी केबल लावली आणि तीन अडचणी एकापाठोपाठ समोर आल्या.

पहिली: संगणकानं पोर्ट उघडला की सेट नव्यानं सुरू व्हायचा. नॅनोच्या यूएसबी चिपची डीटीआर ही वायर त्याच्या रिसेटला जोडलेली असते, प्रोग्रॅम भरणं सोपं जावं म्हणून. त्यामुळे लॉगिंगचा किंवा एफटी८ चा प्रोग्रॅम सुरू केला की सेट एकदा मरून जिवंत होतो. रिसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की हे थांबतं. नवा प्रोग्रॅम भरताना तो काढावा लागतो.

दुसरी अडचण घराच्या विजेची. लॅपटॉपचा चार्जर लावला की रिसीव्हरमध्ये गुणगुण यायची आणि बँडचा तळ वर उचलला जायचा. चार्जरच्या आत वीज आणि बाहेरची बाजू यांच्यात छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग चांगलं असेल तर त्यांतली गळती जमिनीत जाते. शेतावरच्या खोलीत अर्थिंग नावालाच असतं, म्हणून लॅपटॉपची धातूची बाजू २३० व्होल्टच्या जवळजवळ निम्म्यावर तरंगत राहते. करंट अगदी थोडा, हाताच्या पाठीला मुंग्या आल्यासारखं वाटतं एवढाच. पण यूएसबीच्या ग्राउंडवाटे तोच सेटमध्ये शिरतो आणि चार्जरचा स्विचिंगचा गोंगाटही सोबत आणतो.

तिसरी अडचण सगळ्यात गंभीर. डमी लोडवर सगळं नीट चालत होतं. अँटेनावर ट्रान्समिट केलं आणि लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट गोठला. "बंद कर" हा हुकूम सेटपर्यंत पोचलाच नाही आणि सेट ट्रान्समिटमध्ये अडकला. सरांनी हात पुढे करून बॅटरीची वायर ओढली. डायपोलला बॅलन (ताकद केबलवरून परत येऊ न देणारा भाग) नव्हता, कोॲक्स केबलच्या बाहेरच्या जाळीवरून आरएफ (रेडिओ सिग्नल) परत खोलीत येत होता आणि यूएसबी केबल त्याला आयतीच वाट देत होती.

पहिल्या अडचणीला कपॅसिटर पुरला. उरलेल्या दोन्हींचा उपाय शेवटी एकच निघाला: सेट आणि संगणक यांच्यात धातूचा संबंधच ठेवायचा नाही.

हुकमांसाठी एचसी-०५ हे ब्लूटूथ मॉड्यूल घेतलं. नॅनोच्या डी० आणि डी१ या सिरिअल पिनांना ते जोडलं. मॉड्यूलची आत येणारी पिन ३.३ व्होल्टची असते आणि नॅनो ५ व्होल्टनं बोलतो, म्हणून मध्ये १ किलोओहम आणि २ किलोओहमचा विभाजक. मॉड्यूल मुळात ९६०० वर बोलतं, ते एटी हुकूम देऊन ३८४०० वर आणलं. त्याच पिनांवर नॅनोची यूएसबी चिपही आहे, त्यामुळे प्रोग्रॅम भरताना मॉड्यूल तोडायला एक छोटा स्विच ठेवला. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, ७ मेगाहर्ट्झवर त्याचं काहीच ऐकू आलं नाही. डीटीआरचा संबंध सुटला म्हणून रिसेटचा त्रासही आपोआप गेला आणि तो कपॅसिटर काढून ठेवता आला.

आवाजासाठी दोन छोटे ६००:६०० ओहमचे ट्रान्सफॉर्मर, एक सेटच्या हेडफोनपासून साउंड कार्डकडे आणि दुसरा साउंड कार्डपासून माइककडे. माइकच्या बाजूला आवाज खूप खाली आणणारे रेझिस्टर लागतात, कारण साउंड कार्डचा आवाज माइकच्या मानानं फार मोठा असतो आणि या सेटला त्याला आवर घालणारं एएलसी नाही. जास्त आवाज दिला की सिग्नल फाटतो आणि शेजारच्या स्टेशनांना त्रास होतो. कोॲक्सच्या अँटेनाकडच्या टोकाला फेराइटवर गुंडाळून चोक बॅलन केला. डब्ल्यूएसजेटी-एक्समधला वॉचडॉग चालू ठेवला, म्हणजे माणूस उठून गेला तरी ट्रान्समिट ठरावीक मिनिटांनी थांबतं. आणि फायनलच्या, म्हणजे ताकद देणाऱ्या शेवटच्या ट्रान्झिस्टरांच्या, पुरवठ्यात एक लाल स्विच बसवला, सरांच्या हाताला लागेल असा. संगणक काहीही म्हणो, तो स्विच खाली केला की ट्रान्समिट बंद.

एफटी८ बद्दल दोन गोष्टी शेतावरच्या माणसानं लक्षात ठेवाव्यात. ही पद्धत जो टेलर (के१जेटी) आणि स्टीव्ह फ्रँके (के९एएन) यांनी २०१७ मध्ये आणली. १५ सेकंदांचे ठोके, त्यातले १२.६४ सेकंद ट्रान्समिट, आणि दोन्हीकडची घड्याळं साधारण एका सेकंदाच्या आत जुळलेली हवीत. लॅपटॉप बरेच दिवस इंटरनेटशिवाय राहिला की त्याचं घड्याळ सरकतं आणि स्टेशनं ऐकू येऊनही काही उमटत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर वेळ जुळवून घ्यायची, आणि नेटवर्क नसेल तेव्हासाठी जीपीएस मॉड्यूल. दुसरी गोष्ट उष्णतेची. बोलताना आपण श्वास घेतो, थांबतो, तेव्हा फायनलच्या आयआरएफ५१० ना विश्रांती मिळते. एफटी८ मध्ये त्या १२.६४ सेकंदांत ती अजिबात नाही. म्हणून आवाज कमी करून ताकद ३ वॅटच्या आसपास ठेवली आणि हीटसिंक मोठा लावला. ही पद्धत गोंगाटाच्या २० डेसिबल खालचा सिग्नलही उचलते, ३ वॅट तिला भरपूर होतात.

जे केलं नाही

रास्पबेरी पाय हा छोटा संगणक पेटीतच बसवायचा विचार शेवटपर्यंत होता. सात इंची टचस्क्रीन, आतच डब्ल्यूएसजेटी-एक्स, लॅपटॉपची गरज नाही. पण पाय आणि पडदा मिळून सतत काही वॅट खातात, आणि त्यांना ५ व्होल्ट कुठून देणार? राडुइनोवरच्या ७८०५ या रेग्युलेटरमधून घेतले तर १२ आणि ५ यांच्यातल्या ७ व्होल्टची उष्णता होते. अर्ध्या अँपिअरलाच साडेतीन वॅट नुसते तापण्यात गेले. एलएम२५९६ चं स्विचिंग मॉड्यूल घेतलं तर ते १५० किलोहर्ट्झवर चालतं आणि दर १५० किलोहर्ट्झवर एक रेघ सोडतं. सत्तेचाळिसाव्या हार्मोनिकचा हिशोब केला तर ७.०५० मेगाहर्ट्झ येतो, सर जिथे ऐकतात नेमका तिथे. फिल्टर आणि पत्र्यानं ते कमी होतं, पण मेहनत मोठी. चालू असताना वीज गेली तर मेमरी कार्ड बिघडण्याचं भय वेगळंच. आणि सरांची अट तर मोडतेच: पडदा पायच्या ताब्यात गेला की पाय बंद म्हणजे सेट आंधळा.

संगणक पोटात घेणारे सेट चांगले नसतात असं मला म्हणायचं नाही. फरहान यांचाच एसबिटेक्स रास्पबेरी पायभोवती रचलेला आहे. तिथे गोंगाट, पुरवठा, पडदा यांचा विचार पहिल्या रेषेपासून झालेला असतो. क्यूआरपी लॅब्सचा क्यूडीएक्स तर पडदा आणि नॉब दोन्ही टाळून एकाच यूएसबी केबलवर साउंड कार्ड आणि हुकूम दोन्ही देतो. नुसत्या डिजिटल कामासाठी नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी तोच सुचवीन. पण आवाजावर बोलण्यासाठी बांधलेल्या जुन्या सेटमध्ये नंतर संगणक कोंबणं हे वेगळं काम आहे.

लॅपटॉपला सेटच्या बॅटरीवर न चालवण्याचा निर्णयही याच हिशोबातला. ३० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर अडीच अँपिअर. ७ अँपिअर-अवरची बॅटरी तीन तासही पुरत नाही. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर, मोबाइल स्वतःच्या, आणि सेटची बॅटरी फक्त सेटची.

आत्ताची स्थिती

नात सुट्टीत आली की लॅपटॉप घेऊन खोलीत बसते, ब्लूटूथ जोडते, ७.०७४ वर काम करते आणि जाताना आवाजाच्या दोन जॅक काढून घेते. तिच्या मोबाइलवरही फ्रिक्वेन्सी दिसते, तेवढ्यासाठी तिनं एक छोटं ॲप लिहिलं आहे. आयफोनवर ते चालत नाही, एचसी-०५ ची जुनी सिरिअल पद्धत तिथे चालू देत नाहीत. सर एफटी८ करत नाहीत. पण कोणत्या वेळी कोणता प्रदेश उमटतो ते तिच्या पडद्यावर पाहतात आणि मग त्या वेळी आवाजावर हाक देतात.

उसना नेक्स्टिऑन परत गेला. नात स्वतःचा घेणार आहे, पण तो लातूरच्या घरातल्या सेटसाठी: तिथे सावली आहे, अर्थिंग आहे आणि पत्र्याची पूर्ण बंद पेटी करायला तिच्याकडे वेळ आहे.

शेतावरच्या सेटचं एक काम बाकी आहे. नव्या काचेचा हा पहिलाच मे महिना. कॉन्ट्रास्टचा पॉट टोकाला जाऊनही आकडा काळा पडायला लागला, तर उणे २० ते ७० अंशांपर्यंत चालणारी त्याच मापाची काच लावायची. ती आणून ठेवली आहे. तिच्या पिनांचा क्रम वेगळा आहे, त्यामुळे जोडणीची पट्टी नव्यानं करावी लागेल.